फोन पासवर्ड विचारत नाही, म्हणजे घरचे वाय-फाय उघडे आहे का?

ताई, आपण विचारले आहे ते थोडक्यात असे. अमळनेरला आपल्या घरी दीड वर्षापासून फायबरचे इंटरनेट आहे. थोरला मुलगा पुण्याहून सुट्टीत आला असताना त्याने राउटर बसवून घेतला आणि तेव्हापासून आपल्या फोनने पासवर्ड एकदाही विचारलेला नाही. दिवाळीत घेतलेला नवा फोनसुद्धा न विचारताच जोडला गेला. वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारी कॉलेजची मुलेही हेच वाय-फाय वापरत असावीत, अशी आपल्याला शंका आहे. तेव्हा आपल्या वाय-फायला पासवर्ड आहे की नाही, आणि कोणाला न बोलावता ते घरच्या घरी कसे तपासायचे, हा आपला प्रश्न आहे.

मी गेली अठरा वर्षे जळगाव, भुसावळ, चोपडा या पट्ट्यात घरांची आणि दुकानांची नेटवर्क जोडणी करतो, आणि हा प्रश्न मला दर महिन्याला कोणीतरी विचारतेच. आपल्या वर्णनावरून पहिल्या दोन गोष्टींचा उलगडा लगेच करता येतो. फोन पासवर्ड विचारत नाही एवढ्यावरून वाय-फाय उघडे ठरत नाही. फोनला पासवर्ड एकदा दिला की तो स्वतःजवळ साठवून ठेवतो आणि पुढे प्रत्येक वेळी आपल्या नकळत राउटरला सादर करतो. मुलाने पहिल्या दिवशी तो आपल्या फोनमध्ये भरला असेल आणि आपण तेव्हा स्वयंपाकघरात असाल, इतकी ती साधी गोष्ट असते. नव्या फोनचेही तसेच आहे. अँड्रॉइडचा नवा फोन सुरू करताना जुन्या फोनवरचे सगळे उतरवून घेतले, तर फोटो आणि संपर्कांबरोबर साठवलेले वाय-फाय पासवर्डही येतात. आयफोनमध्ये एकाच खात्यावरच्या सगळ्या उपकरणांना ते आपोआप मिळतात. म्हणून आपला स्वतःचा फोन या तपासणीत साक्षीदार म्हणून फारसा उपयोगाचा नाही. जो फोन आपल्या घराला पूर्णपणे परका आहे, तोच खरे सांगेल. वरच्या मुलांबद्दलची शंका मात्र शिल्लक राहते; तिच्याकडे शेवटी येतो.

आधी आपल्याच फोनवर जे दिसते ते पाहून घ्या, कारण त्याला अर्धा मिनिटही लागत नाही. सेटिंग्जमध्ये वाय-फाय उघडले की आसपासच्या नेटवर्कची यादी येते. प्रत्येक नावापुढे पंख्यासारखी खूण असते आणि बहुतेक फोनवर तिच्याजवळ छोटे कुलूप दिसते. कुलूप असेल तर ते नेटवर्क काहीतरी मागते, कुलूप नसेल तर कोणालाही आत घेते. यानंतर आपल्या नेटवर्कच्या नावावर किंवा त्याच्या शेजारच्या चाकाच्या खुणेवर बोट ठेवा, म्हणजे तपशिलाचे पान उघडेल. त्यात ‘सिक्युरिटी’ या शब्दासमोर काय लिहिले आहे ते कागदावर जसेच्या तसे उतरवून घ्या. ‘नन’ किंवा ‘ओपन’ असेल तर पासवर्ड नाही, आणि आजच्या आज तो घालायला हवा. ‘डब्ल्यूपीए२’, ‘डब्ल्यूपीए३’ किंवा दोन्हींची जोडी असेल तर पासवर्ड आहे आणि त्याची जातही चालण्यासारखी आहे. ‘डब्ल्यूईपी’ असेल तर पासवर्ड असूनही नसल्यासारखाच आहे. त्याचे कारण पुढे देतो. आयफोन अशा वेळी नेटवर्कच्या नावाखाली सुरक्षा कमकुवत असल्याचा इशारा देतो. विंडोजच्या लॅपटॉपवर सेटिंग्जमधील ‘नेटवर्क अँड इंटरनेट’ विभागात, जोडलेल्या वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘सिक्युरिटी टाइप’ अशी ओळ असते, तिच्यात हीच माहिती मिळते.

आता खरी परीक्षा. आपल्या वाय-फायला कधीही न जोडलेला एखादा फोन घ्या. शेजारच्या काकूंचा चालेल, मात्र त्यांना कारण सांगून आणि त्यांच्यासमोर. त्या फोनवर आपल्या नेटवर्कच्या नावावर बोट ठेवा. जोडणी होण्यापूर्वी पासवर्डचा रकाना समोर आला तर दार बंद आहे. काहीही न विचारता ‘कनेक्टेड’ असे आले तर दार उघडे आहे, मग आतापर्यंत आपल्याला कोणी काहीही सांगितलेले असो.

एका ठिकाणी मात्र लोक हमखास फसतात. काही जोडण्यांमध्ये फोन आधी मुकाट्याने जोडला जातो आणि नंतर ब्राउझरमध्ये एक पान उघडून त्यावर ग्राहकनाव व पासवर्ड मागितला जातो. हॉटेलात किंवा रेल्वे स्थानकावर मोबाइल क्रमांक टाकून आकडे मागवतो, त्याच प्रकारचे हे पान असते. तो पासवर्ड इंटरनेट सेवा सुरू करण्यासाठी आहे. फोन आणि राउटर यांच्यामधल्या हवेतल्या संदेशांना त्याने कोणतेही कवच मिळत नाही. पासवर्ड जोडणीच्या आधी विचारला की नंतर, एवढे एक लक्षात ठेवले तरी हा घोटाळा होत नाही.

परका फोन मिळाला नाही तर आपल्याच फोनला परका करता येते. तपशिलाच्या पानावर ‘फर्गेट’ असे बटण असते. ते दाबले की फोन साठवलेला पासवर्ड पुसून टाकतो आणि पुन्हा जोडायला गेल्यावर पहिल्यासारखे विचारतो. पण हे करण्याआधी पासवर्ड हाताशी आहे याची खात्री करा, नाहीतर तपासणीच्या नादात आपणच घराबाहेर राहाल. अँड्रॉइड १० पासून पुढच्या फोनांमध्ये त्याच पानावर ‘शेअर’ दाबले की चौकोनी क्यूआर चित्र येते आणि बहुतेक फोनवर त्याखाली पासवर्ड अक्षरांत लिहिलेला असतो. आयफोनवर २०२२ मध्ये आलेल्या आयओएस १६ पासून तो थेट पाहता येतो. आयफोन वापरणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावे की, एका उपकरणावर नेटवर्क विसरायला सांगितले तर त्याच खात्यावरच्या इतर उपकरणांतूनही ते जाऊ शकते.

येथवर एकाच नावाची गोष्ट झाली. प्रत्यक्ष घरात एकापेक्षा जास्त नावे असतात, आणि मला सापडलेल्या उघड्या नेटवर्कांपैकी बहुतेक दुसऱ्या नावाखाली सापडली. भुसावळच्या एका घरचा प्रसंग सांगतो. मे महिना होता, दिवसा पारा पंचेचाळीसच्या वर गेलेला, आणि रात्री सगळे घर गच्चीवर गाद्या टाकून झोपलेले. यजमानांनी मला इंटरनेट रात्री फार मंद चालते म्हणून बोलावले होते. खाली दिवाणखान्यात पाहिले तर सगळे व्यवस्थित; नावापुढे कुलूप, पासवर्ड मोठा, राउटरही चांगला. म्हणून गच्चीवर गेलो आणि तेथे फोनवरची यादी उघडली. त्यांच्या आडनावाचे नेटवर्क दोनदा दिसत होते. एक जसेच्या तसे, आणि दुसरे शेवटी ‘५जी’ जोडलेले. पहिल्यापुढे कुलूप होते, दुसऱ्यापुढे नव्हते. मी काही बोलायच्या आत शेजारच्या गच्चीवरून दहा-बारा वर्षांच्या पोराने कठड्यावर वाकून सांगितले, “काका, ते उघडंच शे, आम्ही रोज लावतंस!” त्याच्या आवाजात चोरीचा लवलेश नव्हता. त्याच्या लेखी ते सार्वजनिक नळासारखेच होते.

झाले असे होते की, हल्लीचे राउटर रेडिओलहरींच्या दोन पट्ट्यांवर बोलतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. बसवणाऱ्याने पहिल्या पट्ट्याला पासवर्ड घातला आणि दुसऱ्याचे पान उघडायचे राहून गेले. काही राउटरमध्ये दोन्हींचा पासवर्ड एकत्र ठरतो, काहींमध्ये प्रत्येकाचा वेगळा घालावा लागतो. पहिल्या पट्ट्याचा संदेश लांब जातो आणि भिंती ओलांडतो. दुसरा वेगवान असतो, पण भिंतीला लवकर हार मानतो. घरातले लोक नेहमी ज्या नावाला जोडलेले असतात तेच त्यांना माहीत असते, दुसरे कोणी उघडूनही पाहत नाही.

आपले घर अमळनेरच्या जुन्या वस्तीत असेल आणि भिंती हात-दीड हात जाडीच्या मातीच्या असतील, तर आणखी एका वस्तूकडे लक्ष द्या. आपल्याकडच्या जुन्या धाब्याच्या घरांत पुढच्या खोलीतला राउटर मागच्या खोलीपर्यंत पोहोचत नाही. मग संदेश पुढे ढकलणारा रिपीटर लावतात, किंवा नवा राउटर आल्यावर जुना फेकून न देता तो मागच्या पडवीत तारेने जोडतात. या दुसऱ्या पेटीचे नाव, पासवर्ड आणि सुरक्षेची जात सगळे स्वतंत्र असू शकते. समोरच्या पेटीला नवे कुलूप आणि मागच्या पेटीला दहा वर्षांपूर्वीचे उघडे नेटवर्क, आणि दोन्हींतून त्याच घरात प्रवेश, असे मी धुळ्यातही पाहिले आहे आणि पारोळ्यातही. रावेर-यावल भागात केळीच्या मळ्यातल्या घरासाठी किंवा पंपाजवळच्या कॅमेऱ्यासाठी अशी दुसरी पेटी लावलेली असते, आणि तिच्याकडे वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही. यादीत दिसणारे पाहुण्यांसाठीचे ‘गेस्ट’ नेटवर्कही याच तपासात घ्या. छपाईयंत्र किंवा टीव्ही स्वतःच्या नावाने छोटे नेटवर्क सोडतात, त्यांची नावे बहुधा ‘डायरेक्ट’ या शब्दाने सुरू होतात. ती आपल्या इंटरनेटची नावे नव्हेत, पण आपल्याच घरातली असतील तर त्यांच्यापुढेही कुलूप असावे.

म्हणून तपासणी घरात बसून पुरी होत नाही. परका फोन घेऊन एकदा गच्चीवर जा, एकदा फाटकाबाहेर रस्त्यावर उभे राहा, आणि जी जी नावे आपल्या घरातून येतात त्या प्रत्येकाला हात लावून पाहा. नाव आपलेच आहे याबद्दल शंका असेल तर घरातला राउटर, आणि दुसरी पेटी असेल तर तीही, क्षणभर बंद करा. जे नाव यादीतून गेले ते आपले. यादी ताजी व्हायला थोडा वेळ लागतो, तेवढा द्यावा.

आता कुलपाच्या जातीविषयी, कारण कुलूप दिसले की निश्चिंत व्हायचे ही चूक जाणती माणसेही करतात. वाय-फायची पहिली सुरक्षापद्धत, डब्ल्यूईपी, १९९७ च्या मूळ मानकाबरोबर आली. २००१ मध्ये फ्लूरर, मँटिन आणि शमीर या तीन संशोधकांनी तिच्या गणितातील दोष जाहीर केला. २००७ मध्ये जर्मनीतील डार्मस्टाटच्या संशोधकांनी तिची किल्ली एका मिनिटाच्या आत काढता येते हे दाखवून दिले. पासवर्ड कितीही अवघड ठेवला तरी या पद्धतीत फरक पडत नाही, कारण गळती पासवर्डात नसून पद्धतीतच आहे. मधली सोय म्हणून २००३ मध्ये डब्ल्यूपीए आली. तिच्यातला टीकेआयपी हा भागही आता कालबाह्य आहे. २००४ मध्ये आलेली डब्ल्यूपीए२, आणि तीही एईएस या एन्क्रिप्शनसह (म्हणजे संदेश किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा करण्याच्या पद्धतीसह), ही आज घरासाठी किमान पातळी समजावी. २०१८ मध्ये डब्ल्यूपीए३ आली. आपला राउटर आणि फोन दोन्ही तिला ओळखत असतील तर तीच निवडा. जुना फोन अडत असेल तर डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ यांचा जोड पर्याय ठेवा.

हे सगळे राउटरच्या पानावरून, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या त्याच्या सेटिंग्जच्या पानावरून, ठरते. आपला राउटर हळूच उलटा करा. खाली किंवा मागे एक पांढरा कागद चिकटवलेला असतो, बहुतेक वेळा धुळीने मळलेला आणि मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांचा. ओल्या फडक्याने पुसू नका, शाई जाते. कोरड्या बोटाने धूळ झटका, फोनने फोटो काढा आणि फोटो मोठा करून वाचा. त्यावर साधारणपणे तीन गोष्टी सापडतात: नेटवर्कचे मूळ नाव आणि मूळ पासवर्ड, राउटरच्या पानाचा पत्ता, आणि त्या पानात शिरण्याचे नाव-पासवर्ड. पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, ब्राउझरमध्ये तो इंग्रजी आकड्यांत टाइप करावा. कागदावर नसेल तर फोनच्या वाय-फाय तपशिलात ‘गेटवे’ म्हणून जो पत्ता दिसतो तोच हा. त्याच पेटीवर टाचणी जाईल एवढे एक छिद्र असते. ते दाबून धरले की राउटर कारखान्यातून आला तसा होतो आणि सेवा सुरू करण्याचे तपशीलही पुसले जाऊ शकतात. म्हणून घाईने टाचणी घेऊ नका.

येथे तीन वेगवेगळे पासवर्ड असतात आणि त्यांची सरमिसळ होते, म्हणून स्पष्ट सांगतो. पहिला आपल्या सेवेच्या खात्याचा, जो राउटर स्वतः कंपनीला देतो. दुसरा वाय-फायचा, जो फोनमध्ये भरायचा असतो. तिसरा राउटरच्या पानाचा, ज्याने बाकीचे सगळे बदलता येते. कित्येक घरांत हा तिसरा पासवर्ड ‘अॅडमिन’ असाच राहिलेला असतो. तसे असेल तर ज्याला एकदा वाय-फायचा पासवर्ड मिळाला त्याला सगळेच मिळाले. पानात शिरल्यावर ‘वायरलेस’ किंवा ‘डब्ल्यूलॅन’ विभागात ‘सिक्युरिटी’ पाहा, दोन्ही पट्ट्यांची पाने स्वतंत्र उघडून पाहा, आणि पाहुण्यांचे नेटवर्क चालू आहे का तेही. फोनवर दिसलेली माहिती आणि येथे लिहिलेली माहिती जुळली पाहिजे. दरवर्षी मृगाच्या सुमारास विजेच्या कडकडाटात आपल्याकडे कितीतरी अॅडॉप्टर आणि राउटर जळतात आणि दुसऱ्या दिवशी घाईने नवी पेटी लावली जाते. एकदा तपासलेले वाय-फाय त्या दिवसानंतर पुन्हा तपासावे, कारण नवी पेटी आधीच्या सेटिंग आठवून येत नाही.

पासवर्ड आहे आणि जातही चांगली आहे, असे गृहीत धरू. तरी एक प्रश्न उरतो, आणि माझ्या मते आपल्या भागात सगळ्यात दुर्लक्षित तोच आहे: तो पासवर्ड कोणाला सुचण्यासारखा आहे का? जोडणी करायला येणारा मुलगा चहा संपायच्या आत काम उरकतो आणि पासवर्ड म्हणून घरमालकाचा मोबाइल क्रमांक टाकून जातो. लक्षात ठेवायला सोपा, म्हणून घरचेही खूश असतात. पण डब्ल्यूपीए२ मध्ये एखादे उपकरण राउटरला जोडले जाताना दोघांमध्ये जी ओळख पटवली जाते, ती हवेतून टिपून घेता येते. त्यानंतर टिपणाऱ्याला आपल्या दाराशी थांबावे लागत नाही. तो घरी बसून, एकामागून एक पासवर्ड लावून, कोणता जुळतो ते पाहू शकतो. चांगले ग्राफिक्स कार्ड असलेला एक संगणक सेकंदाला सुमारे दहा लाख प्रयत्न करतो. आठ आकडी पासवर्डाच्या शक्यता दहा कोटी, म्हणजे शंभर सेकंदांचे काम. आपल्याकडचे मोबाइल क्रमांक ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणून दहा आकडी क्रमांकाच्या शक्यता चारशे कोटी. त्या तासाभरात संपतात. जन्मतारखेला तर क्षणही लागत नाही. २०२१ मध्ये इस्रायलच्या तेल अवीव शहरात एका सुरक्षा संशोधकाने रस्त्यांवर फिरून ५,००० नेटवर्कची अशी टिपणे गोळा केली आणि त्यांतील सुमारे ७० टक्के पासवर्ड शोधून काढले. त्यांतले कितीतरी स्थानिक मोबाइल क्रमांकच होते. अमळनेर आणि तेल अवीव यांत या बाबतीत काही अंतर नाही.

डब्ल्यूपीए२ चा पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा असू शकतो, तेव्हा लांबीची चैन करावी. माझी पद्धत अशी की, शब्दकोश पाच वेळा डोळे मिटून उघडायचा आणि बोट पडेल तो रोजचा शब्द घ्यायचा. समजा दादर, चाक, उशीर, पितळ, वेणी असे शब्द निघाले. ते इंग्रजी अक्षरांत, मध्ये आडव्या रेघा देऊन, सलग लिहायचे. हे उदाहरण येथे छापले गेले, म्हणून हेच वापरू नये. साध्या दोन हजार शब्दांतून चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाच निवडले, तरी मघाच्याच वेगाने सगळ्या शक्यता संपायला सुमारे हजार वर्षे लागतील. शब्द मात्र खरोखर न ठरवता निघालेले असावेत. गावाचे नाव, कुलदैवत, नातवाचे लाडके नाव हे पासवर्ड शोधणारा सगळ्यात आधी लावून पाहतो.

डब्ल्यूपीएस ही सोयही बंद करावी. पासवर्ड न टाकता बटण दाबून किंवा आठ आकडी पिन देऊन जोडण्याची ती पद्धत आहे. २०११ च्या डिसेंबरात तिच्या पिनमधला दोष उघड झाला. आठवा आकडा केवळ पडताळणीचा असतो, आणि राउटर उरलेले आकडे दोन तुकड्यांत तपासतो. त्यामुळे कोट्यवधींऐवजी जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत पिन सापडतो. नंतरच्या राउटरांत यावर आळा घातला गेला, पण जुनी पेटी असेल तर भरवसा ठेवू नये. नेटवर्कचे नाव लपवणे किंवा ठरावीक उपकरणांचेच मॅक पत्ते (उपकरणाचे ओळखक्रमांक) आत घेणे, हे दोन उपाय काही जण पासवर्डाऐवजी सांगतात. लपवलेले नाव साध्या साधनाने दिसते आणि मॅक पत्त्याची नक्कल करता येते. त्यांवर वेळ घालवू नका.

आपण विचारलेले नाही, पण उघड्या वाय-फायने नेमके काय बिघडते हेही सांगायला हवे, कारण यात भीतीही जास्त घातली जाते आणि बेफिकिरीही. बँकेचे ॲप आणि बहुतेक संकेतस्थळे आपले संदेश स्वतः एन्क्रिप्ट करतात, त्यामुळे वाय-फाय उघडे होते म्हणून दुसऱ्या दिवशी खाते रिकामे होते, असे सहसा घडत नाही. पण घरातले कॅमेरे, त्यांचे चित्रण साठवणारी पेटी, छपाईयंत्र, लॅपटॉपवरची सामायिक केलेली फोल्डर या वस्तू घरातल्या माणसांवर विश्वास टाकून बनवलेल्या असतात. आत आलेल्याला त्या घरचाच समजतात. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. आपल्या वाय-फायवरून कोणी काहीही केले, तरी बाहेरच्या जगाला पत्ता आपल्या जोडणीचाच दिसतो. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमधील बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी पाठवलेला ई-मेल नवी मुंबईतील एका घराच्या उघड्या वाय-फायवरून गेला होता, आणि तपासाची पावले आधी त्या घराच्या दाराशी आली. आपल्या घरी तसे काही होईल असे मी म्हणत नाही. पण आर्थिक फसवणुकीचा एखादा संदेश आपल्या जोडणीवरून गेला, तर पहिली चौकशी ज्याच्या नावावर बिल येते त्याच्याकडेच होणार. उलट बाजूही सांगून ठेवतो: शेजारच्याचे वाय-फाय उघडे दिसले तर त्यात शिरून पाहू नका, त्यांना सांगा. परवानगीवाचून दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये शिरणे माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० प्रमाणे गुन्हा ठरू शकते.

आता वरच्या मजल्यावरच्या मुलांकडे येऊ. राउटरच्या पानावर ‘कनेक्टेड डिव्हायसेस’, ‘क्लायंट्स’ किंवा तत्सम नावाची यादी असते. घरातली सगळी उपकरणे आधी मोजा: फोन, टीव्ही, लॅपटॉप, कॅमेरे, इन्व्हर्टरला वाय-फाय असेल तर तोही. मग यादीतली संख्या ताडून पाहा. अनोळखी नाव दिसले म्हणून लगेच कोणाला बोल लावू नका. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासूनचे फोन ओळख लपवण्यासाठी प्रत्येक नेटवर्कला बनावट मॅक पत्ता देतात, म्हणून आपलाच फोन ओळखू येत नाही असे होते. एकेका उपकरणाचे वाय-फाय बंद करत जा आणि यादीतून कोणती ओळ जाते ते पाहा. सगळी बंद झाल्यावरही ज्या ओळी उरतील त्या बाहेरच्या.

मुलांना विचारण्यात संकोच बाळगू नये. आपल्या मुलानेच जाताना त्यांना पासवर्ड दिला असण्याची शक्यता मला बरीच वाटते, आणि तसे असेल तर त्यांनी काहीच वावगे केलेले नाही. एकदा आत आलेला फोन क्यूआर चित्र दाखवून दुसऱ्याला आत घेतो, आणि एका खोलीतल्या दोघांचे चौघे, चौघांचे आठ होतात, एवढेच.

काम करताना क्रम असा ठेवा. सगळे नवे पासवर्ड आधी वहीत लिहा आणि ती वही कागदपत्रांच्या पेटीत ठेवा. राउटरला शक्य तर लॅपटॉप तारेने जोडा, कारण वाय-फायवरून पासवर्ड बदलला की त्याच क्षणी आपण बाहेर फेकले जातो. आधी राउटरच्या पानाचा पासवर्ड बदला, मग दोन्ही पट्ट्यांचा, मग मागच्या पेटीचा. त्यानंतर एकेक उपकरण पुन्हा जोडा. टीव्ही आणि कॅमेरे शेवटी, त्यांना रिमोटने अक्षरे भरताना वेळ जातो. मुलांना वाय-फाय द्यायचे असेल तर पाहुण्यांचे नेटवर्क चालू करा, त्यालाही डब्ल्यूपीए२ आणि वेगळा पासवर्ड घाला, आणि घरातल्या उपकरणांपर्यंत पाहुण्यांना पोहोचू न देण्याचा पर्याय तेथे असेल तर तो निवडा. म्हणजे कॉलेजचे वर्ष संपून जूनमध्ये नवे भाडेकरू आले की फक्त तो एक पासवर्ड बदलावा लागेल, आणि आपल्या टीव्हीला हात लावायची गरज पडणार नाही.